जनरेटर कमी लोडवर चालतोय? सोसायटीचा डीजी नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी सगळं पहिल्यापासून

सायलेन्सरच्या जॉइंटमधून काळं चिकट काहीतरी गळतंय आणि खाली फरशीवर डाग पडलाय असं वॉचमन सांगत आला की बहुतेक ठिकाणी पहिला अंदाज एकच असतो, इंजिन ऑइल लीक होतंय. मग मेकॅनिक येतो, गास्केट बदलतो, जॉइंट कसतो, बिल देतो आणि दोन महिन्यांनी परत तेच. सेट थंड असताना ते काळं जरा बोटावर घेऊन बघा. ऑइलसारखं नुसतं बुळबुळीत लागत नाही, त्यात काजळीची बारीक कचकच लागते आणि वास चक्क डिझेलचा येतो. ते आहे न जळलेलं डिझेल, काजळी आणि थोडंसं ऑइल, सगळं एकत्र. सर्व्हिसवाले याला वेट स्टॅकिंग म्हणतात आणि नव्वद टक्के सोसायट्यांमध्ये याचं कारण जॉइंट नसतो, कारण असतं की एवढा मोठा सेट नुसत्या जिन्यातल्या लाईटांवर चालवला जातोय.

मी पिंपरी-चिंचवड भागात बरीच वर्षं डीजी म्हणजे डिझेल जनरेटर सेटच्या सर्व्हिसिंगला होतो आणि आता आमच्याच सोसायटीचा १२५ केव्हीएचा सेट बघतो. कमिटीत नवीन आलेल्या लोकांना डीजीच्या खोलीची चावी मिळते पण हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. इथलं सगळं डिझेल सेटबद्दल आहे. दुकानाबाहेर ठेवतात तो छोटा पेट्रोलचा जनरेटर वेगळा प्रकार, त्याला हा त्रास एवढा होत नाही.

आधी कारण समजून घ्या

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा जोरात दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा. लोड कमी असेल तर गव्हर्नर थोडंसंच डिझेल सोडतो, सिलिंडर हवा तेवढा तापतच नाही, नोझलमधून फवारा नीट न होता थेंब थेंब पडतात आणि त्यातलं काही न जळताच एक्झॉस्टमध्ये जातं.

दुसरी गोष्ट रिंगांची, आणि ही जास्त महागात पडते. पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला) घट्ट चिकटून राहतात त्या फक्त स्वतःच्या ताणामुळे नाही, जळणाऱ्या गॅसचा दाब रिंगेच्या मागे जाऊन तिला बाहेर ढकलतो म्हणून. लोड नाही म्हणजे दाब नाही, मग रिंगा सैल बसतात, खालून ऑइल वर येतं आणि वरून डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि हे असंच चालत राहिलं तर लायनरच्या आतल्या बाजूला काचेसारखा गुळगुळीत थर बसतो, त्याला ग्लेझिंग म्हणतात. लायनरवर मुद्दाम बारीक रेघा ठेवलेल्या असतात ऑइल धरून ठेवायला, त्याच बुजून जातात. एकदा हे झालं की सेट ऑइल खायला लागतो आणि मग इंजिन उघडून होनिंग करण्याशिवाय, म्हणजे त्या रेघा परत पाडण्याशिवाय, फारसा इलाज उरत नाही.

म्हणून "आमचा सेट तर अगदी हलका चालतो, काही त्रास नाही त्याला" असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला काळजीच वाटते.

पहिलं काम: प्लेट वाचा

अल्टरनेटरवर (वीज तयार करणारा भाग) किंवा कॅनॉपीवर (सेटभोवतीची पत्र्याची पेटी) एक धातूची प्लेट असते, त्यावर केव्हीए म्हणजे सेटची क्षमता लिहिलेली असते. त्याला ०.८ ने गुणा, म्हणजे किलोवॅट मिळाले. १२५ केव्हीएचे १०० किलोवॅट, ६२.५ चे ५०, २५ चे २०. अँपिअर पाहिजे असतील तर थ्री फेज ४१५ व्होल्टला केव्हीए गुणिले १.३९ असा सोपा हिशोब आहे, १२५ ला साधारण १७४ अँपिअर, ६२.५ ला ८७. हे आकडे मार्करने पॅनेलच्या आतल्या दारावर लिहून ठेवा, पुढच्या कमिटीलाही उपयोग होईल.

दुसरं काम: खरा लोड मोजा

नवीन पॅनेलवर डिजिटल कंट्रोलर असतो, बटण दाबत गेलं की व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, किलोवॅट, पॉवर फॅक्टर, रनिंग अवर्स सगळं दिसतं. तुम्हाला किलोवॅट पाहिजेत. जुन्या पॅनेलवर फक्त काट्याचे मीटर असतील तर इलेक्ट्रिशियनला टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) घेऊन बोलवा आणि तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा घ्या, स्वतः पॅनेलमधल्या उघड्या बसबारजवळ (करंट वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) हात घालू नका.

एकदाच मोजून भागत नाही. रात्री अकराला वेगळा लोड असतो, सकाळी सातला पंप आणि लिफ्ट दोन्ही चालू असतात तेव्हा वेगळा आणि दुपारी तीनला तिसराच. तिन्ही वेळचे आकडे घ्या. आमच्याकडचे सांगतो. दोन विंग, चार लिफ्ट. रात्री लाईट गेली की डीजीवर ५ ते ६ किलोवॅट, म्हणजे १०० किलोवॅटच्या सेटवर सहा टक्के! सकाळी पाण्याचा पंप चालू असताना १८-२०. मला स्वतःला हा आकडा बघून धक्का बसला होता, कारण बिल्डरने सेट दिला तेव्हा हिशोब असा नव्हता. तेव्हा पार्किंग आणि पॅसेजला मिळून १८० ट्यूबलाईट होत्या, जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसकट पन्नास-बावन्न वॅट खायची, म्हणजे नुसत्या लाईटचेच नऊ किलोवॅट. मग आपण सगळ्यांनी एलईडी लावले, वीस वॅटच्या पट्ट्या, लोड साडेतीनवर आला, बिल कमी झालं म्हणून एजीएममध्ये टाळ्या वाजल्या, ते बरोबरच होतं, पण सेट तेवढाच राहिला. जुन्या लिफ्टच्या जागी ड्राइव्हवाल्या लिफ्ट आल्या की सुरू होतानाचा झटकाही कमी होतो. तुमच्याकडेही हेच झालेलं असणार.

आणखी एक बघा, एका फेजवर तीस अँपिअर आणि बाकी दोघांवर चार-पाच असं असेल तर आधी फेज बॅलन्स करून घ्या, म्हणजे लोड तिन्ही फेजवर सारखा वाटून घ्या.

तिसरं काम: आकड्याचा अर्थ लावा

३० टक्क्यांच्या खाली बराच वेळ चालवायचं नाही, ही सगळीकडे मानली जाणारी रेषा आहे. ४० च्या पुढे चांगलं, आणि ५० ते ८० च्या मध्ये डिझेल इंजिन खरं खुश असतं. दहा-पंधरा मिनिटं कमी लोडवर चालला म्हणून लगेच काही बिघडत नाही, घाबरू नका. नुकसान साचत जातं, आज रात्री दोन तास, परवा तीन तास, असं वर्षभर.

पैशाचाही हिशोब करून बघा. १०० किलोवॅटचं इंजिन नुसतं फिरत ठेवायलाच तासाला साधारण चार-पाच लिटर डिझेल जातं. चांगल्या लोडवर एका लिटरला साडेतीनच्या आसपास युनिट मिळतात. सहा किलोवॅटवर तासात सहा युनिट आणि डिझेल पाच लिटर, म्हणजे लिटरला जेमतेम सव्वा युनिट. डिझेल नव्वद रुपये धरलं तरी युनिट सत्तर-पंचाहत्तर रुपयांना पडतं. हा आकडा कमिटी मीटिंगमध्ये सांगा, वेट स्टॅकिंगपेक्षा याने लोक लवकर जागे होतात.

चौथं काम: सेट आधीच ओला झालाय का (वेट स्टॅकिंग झालंय का) ते तपासा

कॅनॉपी उघडा (सेट बंद आणि थंड) आणि मॅनिफोल्ड, टर्बो, सायलेन्सरचे जॉइंट बघा, काळे ओघळ आहेत का. डिपस्टिक काढा. ऑइलची पातळी वर सरकली असेल, न घालता वाढली असेल, तर ते डिझेल उतरलंय. वास घ्या. ऑइलचा एक थेंब साध्या टिश्यू पेपरवर टाकून तासाभराने बघा, मध्ये काळा गोळा आणि बाहेर फिकट तेलकट कडं लांब पसरलं तर डिझेल मिसळल्याची शंका घ्यायची, आणि नक्की करायचं असेल तर ऑइलचं सँपल लॅबला पाठवायचं.

मग सेट चालू करून धूर बघा. पांढरट धूर आणि डोळे चुरचुरणं म्हणजे न जळलेलं डिझेल. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त होतंय, एअर फिल्टर चोंदलेला असू शकतो, नोझल खराब असू शकतात किंवा लोड खरंच जास्त आहे. थंडीत सकाळी सुरू करताना दोन मिनिटं पांढरा धूर सगळेच सेट मारतात, तो धरू नका.

कूलंटचं तापमानही बघा, गरम झाल्यावर ७५ ते ९० च्या मध्ये पाहिजे. आणि इथे एक मनापासून सांगतो. कितीतरी सेटमध्ये मला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला सापडलाय. कधीतरी इंजिन गरम होत होतं, मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून फेकला, गरम होणं थांबलं, सगळे खुश. पण आता ते इंजिन आयुष्यभर थंडच चालणार, आणि कमी लोड अधिक थंड इंजिन यापेक्षा वाईट जोडी नाही. अर्धा तास चालून काटा ६० च्या वर जात नसेल तर पहिला प्रश्न हाच विचारा, थर्मोस्टॅट आहे का जागेवर.

पाचवं काम: लोड वाढवा किंवा डीजी कमी वेळा चालवा

दोन्ही बाजूंनी करायचं असतं.

लोड वाढवायला बाहेरून काही आणायची गरज बऱ्याचदा नसते, सोसायटीतच मोटरी पडलेल्या असतात. पाण्याचे पंप, एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा) ब्लोअर, क्लबहाऊसचा एसी, गार्डनचा पंप. यातलं बरंच डीजीच्या पॅनेलवर जोडलेलं असतं पण वॉचमनला सांगून ठेवलेलं असतं की डीजीवर पंप लावायचा नाही, डिझेल जातं. उलट करा. लाईट अर्ध्या तासापेक्षा जास्त गेली की त्या वेळात टाक्या भरून घ्या, एसटीपी चालवा. आमच्याकडे दोन साडेसात एचपीचे पंप मिळून ११ किलोवॅट, ब्लोअर आणि एसटीपीच्या मोटरी मिळून दहाच्या आसपास, क्लबहाऊसचे एसी सहा, लाईट चार, लिफ्ट सरासरी पाच, म्हणजे छत्तीस किलोवॅट झाले की. सहा टक्क्यांवरून छत्तीसवर. मोटरी एकदम टाकू नका, एक सुरू झाली की पाच-दहा सेकंद थांबून दुसरी.

दुसरी बाजू म्हणजे छोट्या छोट्या वेळांसाठी सेट सुरूच होऊ न देणं. एएमएफ पॅनेलमध्ये (लाईट गेली की सेट आपोआप सुरू करणारं पॅनेल) स्टार्ट डिलेचा, म्हणजे किती वेळ थांबून सेट सुरू करायचा त्याचा, टायमर असतो, बऱ्याच ठिकाणी तो पाच-दहा सेकंदांवर ठेवलेला असतो, त्यामुळे दोन मिनिटांसाठी लाईट गेली तरी सेट भुर्रकन सुरू होतो आणि गरम व्हायच्या आत बंद. हे सगळ्यात वाईट. लिफ्टला एआरडी बसवलेलं असेल आणि ते खरंच काम करत असेल (बंद करून तपासा, नुसतं विचारू नका), म्हणजे लाईट जाताच लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडत असेल, तर डिले एक-दोन मिनिटं करायला हरकत नाही. पॅसेजचे एलईडी एका चांगल्या इन्व्हर्टरवर टाका, साडेतीन किलोवॅटला ते सहज जमतं, आणि मग रात्री डीजी फक्त लांबलचक बिघाड असेल तेव्हाच. बिल्डिंगमध्ये कुणी घरी ऑक्सिजन मशीनवर असेल तर त्या घरच्यांशी आधी बोला आणि त्यांची बॅटरीची सोय पक्की झाल्याशिवाय डिलेला हात लावू नका. हॉस्पिटलला तर हा डिलेचा सल्ला लागूच नाही.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेलं कपॅसिटरचं पॅनेल डीजीवर चालू राहिलं आणि लोड कमी असला तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, अल्टरनेटरचा व्होल्टेज वर चढतो आणि लोकांचे अडॅप्टर जळतात. डीजी चालू असताना ते पॅनेल आपोआप बाहेर पडलं पाहिजे. दोन, छतावर सोलर असेल आणि तो डीजीसोबत सिंक होत असेल तर दुपारी सगळा लोड सोलर उचलतो आणि बिचारा सेट रिकामा फिरतो, कधी उलटी पॉवरही घुसते. यासाठी कंट्रोलर मिळतो जो डीजीवर किमान तीस टक्के लोड राहील एवढाच सोलर सोडतो. तो नसेल तर डीजीच्या वेळी सोलर बंद ठेवण्याचं इंटरलॉक करून घ्या.

सहावं काम: महिन्याची टेस्ट लोडवरच घ्या

दर रविवारी सकाळी वॉचमन सेट चालू करतो, पाच मिनिटं भर्र करतो आणि बंद करतो, रजिस्टरमध्ये टिक. ही पद्धत सोडा. माझ्या सुरुवातीच्या काळात एका छोट्या हॉस्पिटलचा सेट मी बघायला गेलो होतो. वर्षानुवर्षं दर आठवड्याला दहा मिनिटं, लोड न टाकता, एकही आठवडा चुकलेला नाही. आणि ज्या दिवशी भागातला ट्रान्सफॉर्मर गेला त्या दिवशी सेट पहिल्या सेकंदाला सुरू झाला, एसी आणि ऑपरेशन थिएटरचा लोड आला, आणि काळाकुट्ट धूर सोडत हर्ट्झ ४५ च्या खाली. शेवटी एसी काढून टाकल्यावर कसाबसा उभा राहिला. नोझल उघडले तर टोकाला कार्बनचे खडे. त्या दिवशी आत पेशंट होता. रजिस्टर मात्र एकदम चोख.

म्हणून महिन्यातून एकदा, किमान अर्धा तास, किमान तीस टक्के लोडवर. अमेरिकेतलं एनएफपीए ११० हे स्टँडर्डही हेच मागतं, आणि तेवढा लोड मिळत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (भाड्याने आणायचा कृत्रिम लोड) लावून अर्धा तास ५० टक्के आणि लगेच पुढे एक तास ७५ टक्के. आपल्याला ते बंधनकारक नाही पण पद्धत म्हणून उत्तम आहे. टेस्ट नंतर लोड काढून तीन ते पाच मिनिटं रिकामं फिरू द्या आणि मग बंद, टर्बोला थंड व्हायला वेळ मिळतो.

सातवं काम: ओला झालेला सेट सुकवणं

याला लोड बँक लागते. ट्रॉलीवर मोठ्या हीटरच्या कॉइली आणि पंखे असतात, केबलने डीजीच्या ब्रेकरला जोडतात, भाड्याने मिळते. ड्रममध्ये मिठाचं पाणी आणि पट्ट्या टाकून लोड करणारे लोक अजून आहेत, सोसायटीत पोरं फिरत असताना ते अजिबात करू देऊ नका.

आम्ही केलं तेव्हा आधी एअर फिल्टर बदलला, ऑइल-कूलंट तपासलं, सायलेन्सरच्या तोंडासमोरच्या गाड्या हलवल्या (हे विसरलात तर काळे तेलकट शिंतोडे पांढऱ्या गाडीवर आणि मग वर्षभर ऐकायचं), सुका पालापाचोळा झाडला आणि दोन फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवले. लोड एकदम पूर्ण टाकायचा नाही, कारण सायलेन्सरमध्ये साचलेलं डिझेल पेटू शकतं. पंचवीस टक्क्यांवर वीस मिनिटं, पांढरट धूर, वास. मग पन्नास. इथे बाहेर काळे पापुद्रे उडायला लागले, आवाज भरदार झाला. अर्ध्या तासाने पंचाहत्तर, आणि साधारण दीड तास झाल्यावर धुराड्याच्या तोंडापाशी नुसती हवेची थरथर दिसायला लागली, धूर जवळजवळ नाहीच. तिथून पुढे अजून एक तास चालवला. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदलले, हे करायचंच, कारण त्या ऑइलमध्ये डिझेल आहे. एवढं करूनही निळा धूर राहिला, ऑइल कमी होत राहिलं, तर लायनर ग्लेझ झालेत असं समजा आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याला बोलवा.

नवीन सेट घ्यायचा असेल तर

आजच्या लोडवर हिशोब करा, बिल्डरच्या जुन्या आकड्यावर नाही. डीलर नेहमी एक साईज वरचा सुचवतो, "पुढे लागेल" म्हणून. आमच्यासारख्या ठिकाणी १२५ च्या जागी ६२.५ सहज पुरला असता, किंवा दोन छोटे सेट, रात्री एक आणि गरज पडली तर दुसरा. आणि १ जुलै २०२३ पासून सीपीसीबी ४ प्लसचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराबाबतचे) नियम लागू झालेत, ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या सेटना. यातल्या बऱ्याच सेटच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारी यंत्रणा असते, काहींमध्ये फिल्टर, काहींमध्ये युरियाचं द्रावण फवारणारी, आणि या दोन्हींना काम करायला गरम एक्झॉस्ट लागतो. थंड चालला की फिल्टर चोंदतो, अलार्म येतो, आणि मग इंजिन पॉवर कमी करतं. जुना सेट कमी लोडवर निमूट सहन करायचा, नवा तसा करणार नाही, म्हणून घेतानाच किमान किती लोडवर चालवायचा हे डीलरकडून लेखी घ्या.

रजिस्टरचे रकाने बदला

"चालू केला, बंद केला" एवढ्यावर भागणार नाही. तारीख, सुरू-बंद वेळ, रनिंग अवर्स, किलोवॅट, तिन्ही फेजचे अँपिअर, कूलंट तापमान, ऑइल प्रेशर, धुराचा रंग, डिझेल किती टाकलं. वॉचमनला किलोवॅट कुठे दिसतात ते एकदा बटण दाबून दाखवा आणि वहीत पहिल्या पानावर तुमच्या सेटचा तीस टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या वहीवर "३० च्या खाली असेल तर पंप लावा" एवढंच लिहिलंय, आणि रात्रपाळीचे काका आता लाईट गेली की आधी मीटर बघतात आणि मग मला फोन करतात, "साहेब, बारा दाखवतोय, टाकी भरू का?"